चाक खरं होतं

आमच्या काकांनी आयुष्यात डोळे झाकून विश्वास ठेवला तो एकाच गोष्टीवर, आणि ती म्हणजे स्वतःचा संशय. नोकरीही देवाने तशीच दिली. पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं आमचं मराठी घर; तिथल्या कुंभकोणममध्ये ते वजनमापांचे इन्स्पेक्टर होते आणि दुकानदारांचे तराजू तपासून तपासून त्यांची अशी खात्री झाली होती, की जगातलं प्रत्येक पारडं कुणीतरी अंगठ्याने दाबून धरलेलं असतं. ते निवृत्त झाले तरी नजर निवृत्त झाली नाही. कॉफीच्या बिया दळून होईपर्यंत ते यंत्रासमोरून हलत नसत, कारण डोळा लवला की आत भेसळीची चिकोरी पडते. आमच्याकडे फुलांची माळ हाताने मोजतात; कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक मुळम्. देवळाच्या दारातली फुलवाली बुटकी होती. "आखूड हाताच्या बायकाच मुद्दाम बसिवतात," असं काकांचं मत, म्हणून ते चार गल्ल्या पलीकडच्या उंच फुलवालीकडे जात. डॉक्टरांनी मोजलेला ताप घरी येऊन स्वतःच्या थर्मामीटरने पुन्हा मोजत, आणि आकडा तोच निघाला की डॉक्टर वाटतो त्याहून लबाड आहे असं ठरवत.

मी तेव्हा कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहत होते. माझे वडील त्यांचे थोरले भाऊ. ते चोळपुरमला शेती बघत. दोघा भावांत नऊ वर्षं बोलणं नव्हतं आणि त्याला कारण झाला होता देवघरातला विठोबा. पंचधातूच्या त्या जुन्या मूर्तीला पायाशी तडा गेला, तेव्हा वडिलांनी ती स्वामीमलैच्या मूर्तिकाराकडून सांधून आणली. काकांनी ती तराजूत घातली. मूळचं वजन त्यांच्या वहीत होतंच. मूर्ती हलकी भरली असती, तर चार शब्द ऐकवून त्यांनी विषय संपवला असता. पण ती जड भरली. मूळच्यापेक्षा जड, म्हणजे मूळची नव्हेच, असा त्यांनी निकाल दिला. वडिलांनी अंगवस्त्र खांद्यावर टाकलं आणि उठून गेले, ते त्या घरात पुन्हा आले नाहीत. काका रोज मूर्तीची पूजा मात्र साग्रसंगीत करत, फक्त तुळस वाहताना हळूच म्हणत, "तूं तोच असलास तर." मला ठेवून घेताना त्यांनी बजावलं होतं की भांडण बापाशी आहे, पोरीशी नाही. तरी सुट्टीहून परत आले की माझी उलटतपासणी चुकत नसे.

मग काकूंच्या हट्टाने घरात केबल आली. तारेतून आपल्याला जग दिसतं, तर जगाला आपण दिसत नसू कशावरून, असा काकांचा सवाल होता. बातम्या देणारी बाई रोखून बघते म्हणून ते तिच्यासमोर उघड्या अंगाने बसत नसत. शनिवारी संध्याकाळी भुताखेतांची एक इंग्रजी मालिका लागे. काकूंना इंग्रजी येत नव्हतं, काकांचं सरकारी कागदांपुरतं. म्हणून मी आमच्या घरातल्या जुन्या वळणाच्या मराठीत सांगत जाई आणि काका माझ्या भाषांतरावर संशय घेत.

त्या शनिवारचा भाग एका कसिनोत घडत होता. परदेशातला जुगाराचा महाल, झुंबरं, गालिचे आणि मधोमध आकड्यांचं गरगरणारं चाक. तिथे सर्वस्व हरून मेलेला एक माणूस रोज येऊन आपल्या जुन्या खुर्चीत बसे. तो आला की लोकांच्या पेल्यांवर बर्फ धरे. काकूंनी पदर तोंडाशी नेला. काका पहिल्यापासून भुताच्या बाजूचे. भुताचं म्हणणं एवढंच, की चाकात खोट आहे आणि आपल्याला फसवलंय. "बरोबर बोलतो," काका पुढे सरकून म्हणाले. "आंस वाकडा आहे. मज येथून दिसतो." शेवटी मालिकेतल्या एका बाईने ते चाक सगळ्यांसमोर उघडायला लावलं. तुकडा न् तुकडा तपासला गेला. खोट कुठेच नव्हती. चाक खरं होतं. माणूस नुसता हरला होता. तिने त्याला ते सांगितलं. त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली आणि खुर्ची रिकामी झाली.

"नीट सांगितलीस?" काकांनी मला विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी सगळा शेवट माझ्याकडून पुन्हा वदवून घेतला. काकू दिवा लावायला उठता उठता म्हणाल्या, "मेल्यावर कळून काय करायचें त्यानें?" काका त्या रात्री जेवले नाहीत.

सकाळी त्यांनी विठोबाला उपरण्यात गुंडाळलं आणि मला घेऊन स्वामीमलैची बस धरली. कारण विचारायची माझी छाती झाली नाही. मूर्तिकार आता थकला होता. त्याने मूर्ती आडवी धरून पायाच्या सांध्यावरून अंगठा फिरवला आणि तमिळमध्ये म्हणाला की मूर्ती जुनीच आहे, सांधा माझा. तड्यात नवा धातू भरला, तेवढं वजन वाढलं. कुठला धातू, काकांनी विचारलं. म्हातारा म्हणाला, पंचधातूत थोडं सोनं लागतं. तुमच्या भावाने तिथेच बसून बोटातली अंगठी दिली. निघत नव्हती, साबण लावावा लागला.

तिथून आम्ही थेट चोळपुरमला गेलो. वडील ओट्यावर बसले होते. काका उन्हातच उभे राहिले. "मूर्तींत अंगठी घातलास, तर मज सांगितलास का नाहींस?"

वडील बसल्या जागेवरूनच म्हणाले, "तूं विचारलास कोठें? तूं वजन केलास."

काका ओट्याच्या कडेला टेकले. वडील थोडे बाजूला सरकले. मी आत गेले, कारण त्यांच्यापैकी कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं असतं, तर ते मी पाहिलेलं दोघांनाही रुचलं नसतं.

पुढे त्यांना चारच वर्षं मिळाली. वडील गेले तेव्हा काका आले आणि भिंतीशी बसून राहिले. लोक आपापल्या आठवणी सांगत होते, काका कुणाच्या बोलण्याला मान डोलावत नव्हते. मग त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं आणि विचारलं, "शेवटीं माझें नांव काढलें का?"

वडील झोपेतच गेले होते. मी हो म्हटलं.

काकांनी माझ्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाले, "बरें."