चारचौघांतला बाप

शेतातून आले की नामदेव भाऊजी हातपाय धुऊन ओट्यावर बसत आणि लहानग्या मंदाला मांडीवर घेत. आज यात कोणाला काही वाटणार नाही. पण तेव्हा साखरखेर्ड्याला आमच्या गल्लीत वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचं लेकरू उचलणं बेशरमपणाचं समजत. पुतण्याला खुशाल खांद्यावर घ्यावं. स्वतःचं पोर रडत आलं तर नजर फिरवावी. आणि भाऊजींचे वडील, आबा, समोरच बाजेवर बसलेले असत.

"काऊन बे, आता दूधही पाजतं का तिले?" आबा विचारत.

"मायचं काम नाही करून राह्यलो आबा, बापाचंच करून राह्यलो," भाऊजी खाली मान घालून म्हणत. कान लाल झालेले असत. मंदाला धरत तेही वांग्यांची टोपली धरावी तसं, दोन्ही हातांनी आवळून. पोरगी भोकाड पसरायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आम्ही शेजारी. मी थट्टा करायची, "राहू द्या भाऊजी, तुमाले नाही जमत."

"वहिनी, गोऱ्हा काय एका दिवसात जू घेते? रोज ठेवा लागते मानेवर. माही मान तर जून झाली."

भाऊजींच्या या हट्टाला कारण होतं. मंदाच्या आधी त्यांना मुलगा होता. तो तापाने गेला. शेवटच्या दिवशी बापाकडे हात पसरत होता. आबा तिथेच होते म्हणून भाऊजींनी त्याला घेतलं नाही. लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. मुलाला त्यांनी पहिल्यांदा हातात घेतलं ते पुरायला नेताना. मंदा तेव्हा पोटात होती. त्या दिवसापासून त्यांची बायको शांता त्यांच्याशी बोलायची बंद झाली. अगदीच गरज पडली तर भिंतीकडे पाहून सांगे.

भाऊजींनी एकेक सवय अंगी लावून घेतली. शांता उठायच्या आत पाणी भरायचं. दुसरबीडच्या बाजारात भाजी विकून आलं की पारावर न टेकता सरळ घरी. जेवताना तिचं ताट आधी वाढायचं. ती ते उचलून चुलीमागे ठेवी आणि भाऊजी उठल्यावर जेवी. त्यांनी कधी तक्रार केली नाही. शांताबद्दल मला एकदाच म्हणाले, "ते बोलन तवा बोलन. आपण आपलं थांबाचं नाही."

मंदाला मात्र त्यांचा लळा लागला. ती शाळेत जायला लागली तेव्हा तिची वेणी तेच घालत. वाकडी घालत. आबाही हळूहळू टोमणे मारायचे थांबले.

एके दिवशी मिरचीच्या वाफ्यात भाऊजींना साप चावला. घरी आणलं तेव्हा शुद्ध नव्हती. शांता उशाशी बसली. तिचे ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता. भाऊजी तसेच गेले.

सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून मी पिठलं-भाकरी घेऊन गेले. मंदा रडून झोपली होती. शांता माझ्याकडे न बघता म्हणाली, "राग कवाच गेला होता माहा, बाई. पोरीची वेणी घालताना पाह्यलं त्याइले, तवाच. पण इतके दिस मुकं राहून पह्यला शब्द कोणता बोलाव, तेच सुचे ना. उद्या बोलू म्हणे मी. रोज उद्या."

मी भाकरी कुस्करली, मंदाला उठवलं आणि दोघींना जेवायला बसवलं.