दोनदा मोजलेलं वेटोळं

इस्पितळाच्या तळमजल्यावर, स्कॅनच्या खोलीला लागूनच ताईचं टेबल होतं. काम काय, तर पोटाच्या स्कॅनमध्ये आतड्याचा माग काढायचा. कॉम्प्युटर आतड्यातून या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढायचा आणि लांबी सांगायचा. ती रेघ बरोबर गेली का, हे ताईने बघायचं. कॉम्प्युटर हुशार खरा, पण दोन वेटोळी एकमेकांना चिकटलेली असली की हमखास फसायचा. भिंत ओलांडून सरळ शेजाऱ्याच्या घरात शिरायचा मेला! मग ताई रेघ तोडायची आणि पुन्हा नीट लावून द्यायची. धाकटा भाऊ तिला 'आतडीवाली बाई' म्हणायचा. "पाहुण्यांसमोर तरी दुसरं काहीतरी सांगत जा गं!"

त्याच भावाच्या आतड्याने दगा दिला. ऑपरेशनमध्ये बरंचसं काढून टाकावं लागलं. तोंडाने खाणं बंद, जे काही जायचं ते शिरेतल्या नळीतून. उरलेलं आतडं पुरेसं लांब असेल तर हळूहळू जेवता येईल, नसेल तर जन्मभर नळी, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. घरातल्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागला.

त्याचा स्कॅन आला तेव्हा विभागाच्या मोठ्या मॅडम म्हणाल्या, "हा तू नको बघूस."

"मीच बघते, मॅडम. नंतर तुम्ही तपासा."

कॉम्प्युटरने दिलेली लांबी पाहून ताईला रडूच फुटलं. पुरेशी होती! भावजयीला कळवायला तिने फोन हातात घेतलासुद्धा. पण रेघ तपासल्याशिवाय कुणाला काही सांगायची तिला सवयच नव्हती. फोन ठेवून ती बघत गेली. खाली उजवीकडे दोन वेटोळी चिकटली होती. तिथे रेघ भिंत ओलांडून मागे वळली होती आणि आधी मोजलेल्या वेटोळ्यातूनच पुन्हा फिरून आली होती. ताईने डोळे पुसून परत पाहिलं. आपल्याला दिसतंय ते खोटं असू दे रे देवा, असं या खुर्चीत बसून तिला पहिल्यांदाच वाटलं. पण ते खोटं नव्हतं. तिने रेघ तोडली. लांबी कमी झाली, पुरेशी राहिली नाही. मॅडमनी तपासलं आणि नुसता तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"त्याला मी सांगते," ताई म्हणाली.

वॉर्डात भाऊ तिची वाटच बघत होता. "किती उरलंय?"

"कमी आहे रे. कॉम्प्युटरने जास्त दाखवलं होतं, एक वेटोळं दोनदा मोजून. ते काढून टाकलं."

"कुणी काढलं?"

"मी."

"मग बरोबरच असणार," तो म्हणाला आणि तिचा हात घट्ट धरून ढसाढसा रडला.