पत्ती काढलेला सॅक्सोफोन

दातांच्या डॉक्टरला सहसा किळस येत नाही. जयपूरच्या गोपालपुऱ्यातल्या माझ्या क्लिनिकमध्ये वीस वर्षं मी गुटख्यानं सडलेली तोंडं आणि कोचिंगच्या पोरांचे न घासलेले दात बघतेय, आणि मध्ये हात धुऊन निवांत डबाही खातेय. पण पाच आठवड्यांपूर्वी सकाळी फोनवर एक मेसेज आला आणि मला किळस आली. ‘सॅक्सवाले अंकल नहीं रहे. पगड़ी वाली कोई अच्छी फोटो हो तो भेजिए, मैडम.’ पाठवणारा, लग्नांचे कार्यक्रम करणारा एक मॅनेजर. जोसाया गेले हे मला असं कळलं… फोटोच्या मागणीसोबत.

जोसाया दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचे. चर्चमध्ये सॅक्सोफोन शिकले, बंदराजवळच्या क्लबांत जॅझ वाजवून नाव मिळवलं, मग देश सोडून लंडन, बोटींवरचे बँड, आणि उतारवयात इथल्या एका हॉटेलनं लाउंजमध्ये वाजवायला बोलावलं म्हणून जयपूर. लाउंज वर्षभरात बंद पडला. तोवर त्यांनी मुरलीपुऱ्यात खोली घेऊन गच्चीवर टोमॅटो लावले होते, ते राहिलेच. माझ्याकडे आले ते वरचा पुढचा दात तुटला म्हणून. वाजवताना वरचे दात वाद्याच्या तोंडावर टेकवावे लागतात, तिथं केसभर फरक पडला तरी सूर हलतो, असं त्यांनी मला समजावलं. मी कॅप बसवायची, ते खुर्चीतच वाजवून बघायचे, मान हलवायचे, मी पुन्हा घासायची. अशा चार खेपा झाल्या. पहिल्याच खेपेला बाहेरची पोरं उठून डोकावायला लागली, तशी मी मधला हिरवा पडदा ओढला आणि म्हटलं, जरा हळू. जोसाया पडद्याकडे बघून हसले. का हसले, ते तेव्हा कळलं नाही.

कळलं ते चौथ्या खेपेला, चहा पिताना. त्यांच्या तरुणपणी, वर्णभेदाच्या काळात, गोऱ्यांच्या हॉटेलात काळ्या माणसानं स्टेजवर दिसायची सोय नव्हती. म्हणून हे पडद्यामागं उभे राहून वाजवायचे आणि पुढं एक गोरा गडी नुसता सॅक्सोफोन धरून गाल फुगवायचा. टाळ्या त्याला. माणूस चांगला होता, जोसाया म्हणाले, फक्त चुकीच्या जागी श्वास घ्यायचा.

आणि आमच्या जयपूरनं काय केलं? आमच्या लग्नांना एक ‘फॉरेनर’ हवा असतो. जोसायांना जरीचा अंगरखा आणि पगडी चढवून वरातीपुढं उभं करायचे. वाजायचा तो कुणा तिसऱ्याच माणसाचा रेकॉर्ड केलेला ट्रॅक. चुकून खरा आवाज निघू नये म्हणून मॅनेजर त्यांना सॅक्सोफोनच्या तोंडाशी बसवलेली वेताची पत्ती आधीच काढून ठेवायला लावायचा. पत्ती नसली की त्यातून नुसती हवा जाते. मग करता कशाला, मी विचारलं. बोटं तरी फिरतात, ते म्हणाले. आणि म्हणाले, “तिथं माझा सूर हवा होता, चेहरा नको. इथं चेहरा हवा आहे, सूर नको. दोन्ही मिळून मी एक आख्खा माणूस होतो, डॉक्टर.”

इथवर वाचून त्या मॅनेजरला शिव्या घालत असाल, तर जरा थांबा. माझ्या मुलीच्या, मृण्मयीच्या, लग्नाआधीच्या ‘संगीत’च्या कार्यक्रमाला जोसायांना मीच बोलावलं होतं, त्याच मॅनेजरमार्फत, सगळं माहीत असताना. कार्यक्रमाआधी पगडीतले जोसाया माझ्याजवळ आले. खिशातली पत्ती काढून त्यांनी तळहातावर धरली.

“लावू? एकच गाणं. मुलीसाठी.”

मी विहीणबाईंकडे पाहिलं, मॅनेजरकडे पाहिलं. “आज नको,” म्हटलं, “सगळं ठरलंय.”

त्यांनी पत्ती खिशात ठेवली आणि तासभर गाल फुगवले. दुसऱ्या दिवशी मृण्मयीनं विचारलं, “आई, जोसायाजी मतलब… खरं वाजवतच नव्हते?” लग्नात असंच असतं, मी म्हटलं. ते वाक्य आठवलं की आजही माझी मलाच शिसारी येते.

शोकसभा त्याच मॅनेजरनं ठेवली. पगडीतला फोटो, त्याला हार, आणि स्पीकरवर तोच लग्नातला ट्रॅक. लोक डोळे पुसत होते. मी उठून सांगितलं की हे जोसायांनी वाजवलेलं नाही. मॅनेजर समजूत घालत म्हणाला, “मैडम, फीलिंग तो वही है ना.” लोकांनी माना डोलावल्या. मग चहा-कचोरी झाली. मी कचोरी न खाता निघाले, एवढाच माझा पराक्रम. त्यांचं खरं वाजवणं तिथं कुणाकडेच नव्हतं. माझ्याकडेही नाही. हातभर अंतरावर ते चार वेळा वाजवत होते आणि मी कॅपकडे बघत होते…

क्लिनिकमधला हिरवा पडदा मी काढून टाकलाय. सगळ्यांसमोर आ करायला पोरं लाजतात. लाजू देत. कॅपसाठी घेतलेला जोसायांच्या दातांचा प्लास्टरचा साचा मात्र कपाटातून काढून खुर्चीसमोर ठेवलाय. तुटलेल्या दाताशेजारच्या दाताला वाद्य टेकून टेकून पडलेली एक बारीक खाच आहे. दोन पेशंटच्या मध्ये मी तिच्यावरून नख फिरवते. अशी खाच पडायला पत्ती लावून पन्नास वर्षं वाजवावं लागतं.