पुकाऱ्याला कोण उभं राहतं

"मॅडम, तुम्ही तरी न्हाई म्हणू नका," अश्विनी म्हणाली.

मला नाहीच म्हणायचं होतं. ती खुर्चीत बसायच्या आधीच माझं उत्तर ठरलेलं होतं, आणि त्याचं कारणही तिला सांगता येत नव्हतं. मी कपाटाशी उगाच दोन फायली इकडच्या तिकडे केल्या.

दसरा होऊन गेला होता. ती राजूरहून भावासोबत आली होती. भाऊ गजानन, तिथे मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. नावं मी अर्थातच बदलली आहेत. अश्विनीचं सासर घनसावंगी तालुक्यात, कुंभार पिंपळगावच्या बाजूला. नवरा संतोष वाळूजला कंपनीत. दोघांचं पटेना म्हणून ती चार वर्षांच्या विराजला घेऊन माहेरी आली होती. पोळ्याला सासरे आले, "नातवाला बैल दाखवून आणतो, दोन दिवसांत सोडतो" म्हणाले आणि घेऊन गेले. त्यानंतर मूल परत आलंच नाही.

"दोनदा बैठक झाली," गजानन म्हणाला. "पाव्हणेरावळे बसले, चहा झाला. तिकडून एकच. पोरगं आमचं हाय, आमच्याकडंच राहील."

"फोनवर बोलू देतात का?"

"देतात," अश्विनी म्हणाली. "आधी रडायचा. आता रडत न्हाई. बोलतच न्हाई."

मी जालन्याच्या कोर्टात पंचवीसहून जास्त वर्षं वकिली करते आहे. बहुतेक कामं घरातली. पोटगी, घटस्फोट, मुलांचा ताबा. ताबा म्हणजे मूल कुणाकडे राहणार याचा वाद. या कामांचा मला आता खरोखर कंटाळा येतो. शेताच्या भांडणात शेत निदान जागच्या जागी राहतं. इथे ज्याच्यावरून भांडण चाललंय ते दर तारखेला थोडं मोठं झालेलं असतं, आणि आईला थोडं विसरलेलंही.

"मला हे काम घेता येत नाही," मी म्हणाले. "कारण विचारू नका."

गजाननचा चेहरा लाल झाला. "म्हणजे तुम्हालाबी त्यांनी खरीदलं का?"

"गजूदादा, गप," अश्विनी म्हणाली. मग माझ्याकडे बघत तिने हळूच विचारलं, "मामा आल्ते ना तुमच्याकडं?" मामा म्हणजे सासरे. आमच्याकडे सुना सासऱ्यांना तसंच म्हणतात.

मी पुन्हा कपाटाकडे वळले. तिला जे कळायचं ते कळलं.

आले होते. पोळा झाल्यावर आठवड्याभरातच दत्तराव माझ्या ऑफिसात आले होते. स्वच्छ धोतर, पांढरा सदरा, बोलणं गोड. सोबत घरच्या बागेतल्या मोसंब्यांची पिशवी. "ताई, काम काय न्हाई, नुसता सल्ला पाहिजे." तासभर बसले. घरातलं सगळं सांगितलं. मुलाचा ताबा मिळेल का, म्हणाले. मी नियम सांगितला. पाच वर्षांखालचं मूल कोर्ट शक्यतो आईकडेच देतं, तेव्हा नातवाला परत पाठवा. ते हसले. "गुढीपाडव्याच्या म्होरं पाचवं पूर्ण व्हतंय त्याला. मंग तवर वढू की तारखा." मी म्हटलं, अशा कामात मी पडत नाही. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. सल्ल्याची फी आग्रहाने ठेवून, पाया पडू पाहत निघून गेले. अश्विनीने दारात नाव-गाव सांगेपर्यंत मी ते विसरूनही गेले होते.

आता वकिलीचा एक साधा नियम सांगते. एका बाजूने आमच्याकडे येऊन मन मोकळं केलं, आम्ही सल्ला दिला, की त्या प्रकरणात दुसऱ्या बाजूचं काम आम्हाला घेता येत नाही. ऐकलेलं कुणाला सांगताही येत नाही. नियम चांगला आहे. तो नसता तर वकिलापुढे कुणी तोंड उघडलं नसतं. पण या नियमाचा उलटा उपयोग करणारी माणसं असतात. चांगल्या चांगल्या वकिलांकडे आधीच जाऊन बसायचं, गोष्ट त्यांच्या कानात घालायची, म्हणजे समोरच्याला वकीलच उरत नाही. आमच्या बाररूममध्ये, म्हणजे कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत, याला वकील अडवणं म्हणतात. जमिनीच्या मोठ्या दाव्यांत हे चालतं. चार वर्षांच्या पोरासाठी कुणी केलेलं मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं.

मी अश्विनीला एका सहकाऱ्याचं नाव सांगितलं.

"गेल्तो," गजानन म्हणाला. "न्हाई म्हणले."

दुसरं नाव सांगितलं.

"तेबी न्हाई."

तिसऱ्या नावाला तो नुसता हसला. तेव्हा मला म्हाताऱ्याच्या कामाचा आवाका कळला. कोर्टासमोरच्या चहावाल्याला त्याने विचारलं होतं म्हणे, लेकराबाळांच्या केसला चांगले वकील कोण कोण. चहावाला सगळ्यांना ओळखतो. त्याने भराभर नावं सांगितली, आणि दत्तराव पिशव्या घेऊन एकेकाकडे जाऊन आले. मला राग आला, आणि रागापेक्षा जास्त थकवा. त्यांचा बेत मला माहीत होता, पाडव्याचा. समोर बसलेल्या आईला मी तो सांगू शकत नव्हते.

"मी संभाजीनगरहून मोठा वकील आणतो," गजानन म्हणाला. "असा पाहिजे की उभा राह्यला की समोरच्याची बोबडी वळली पाहिजे."

"तो दर तारखेला येईल?"

"येईल की. न आला तर त्याचा ज्युनिअर येईल."

"ज्युनिअर येऊन काय करेल?"

उत्तर मीच दिलं. ज्युनिअर येऊन तारीख मागतो. साहेब हायकोर्टात आहेत, साहेब आजारी आहेत, पुढची तारीख द्या. तुमचं प्रकरण आणखी महिनाभर पुढे जातं. आमच्या धंद्यात हे रोज सकाळी चालतं.

नियम मोडायचा नव्हता आणि त्यांना रिकाम्या हातानेही पाठवायचं नव्हतं. जे कुणालाही सांगितलं असतं तेवढंच मी सांगितलं. "वकिलाला तीन गोष्टी विचारा. तुम्ही स्वतः येणार का. आधी कोर्टाकडे काय मागणार. आणि ते आजच का मागणार. उत्तर लांबलचक आलं तर उठून या. आणि नावं विचारत फिरू नका. चार दिवस कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसा. शिपाई प्रकरणाचा पुकारा करतो तेव्हा कोण उभं राहतं, ते बघा."

"नुसतं बसून काय कळणार?" गजानन म्हणाला.

"बसून बघू," अश्विनी म्हणाली.

ती खरंच बसली. माझी कामं त्याच कोर्टात असल्यामुळे मला ती रोज दिसायची. डोक्यावर पदर, मांडीवर डब्याची पिशवी, नजर समोर. गजानन पहिल्या दिवशी आला, जांभया देऊन दुकानावर परत गेला.

पाचव्या दिवशी ती शेळके वकिलांच्या टेबलाशी उभी दिसली. शेळक्यांचं टेबल कोर्टाच्या आवारात, लिंबाखाली. माणूस पन्नाशीचा, आवाज इतका हळू की जजसाहेबांना दोनदा विचारावं लागतं. ना ऑफिस, ना ज्युनिअर. बाहेरचा चहा ते पीत नाहीत, आम्लपित्ताचा त्रास आहे. घरून थर्मास आणतात. त्यामुळे चहावाल्याच्या लेखी ते वकीलच नव्हते, आणि दत्तरावांच्या फेरीतून राहून गेले होते.

गजानन माझ्याकडे भांडायला आला. "मॅडम, हे काय केलं हिनं? ते तर बोलतच न्हाईत!"

"मी काही सुचवलेलं नाही," मी म्हणाले. ते खरंही होतं.

पुढे त्यांच्या टेबलापाशी काय झालं ते शेळक्यांनी मला नंतर, अश्विनीला विचारून, सांगितलं. गजाननने घरून सगळी यादी पाठ करून आणली होती. सासूने काय म्हटलं, नणंदेने दागिना कसा ठेवून घेतला, नवऱ्याने लग्नात किती रुसवे केले. शेळक्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"हे खरं असेल तर त्याची वेगळी केस करू," ते म्हणाले. "आज फक्त मूल मागायचं."

"मंग त्यांना धडा कोण शिकवणार?"

"तुम्हाला धडा शिकवायचाय का भाचा आणायचाय?"

अश्विनी म्हणाली, "विराज आणायचाय." अर्ज तेवढाच लिहिला गेला. निकाल लागेपर्यंत मूल आईकडे द्यावं, कारण ते पाच वर्षांच्या आतलं आहे आणि त्याचा बाप दूर कंपनीत राहतो. दोन पानंसुद्धा पूर्ण भरली नव्हती.

दत्तरावांनी अडवलेल्या वकिलांपैकी जे सर्वांत मोठे होते त्यांना वकीलपत्र दिलं. नाव मोठं, गाडी मोठी, आणि दिवसाला चार कोर्टांत कामं. दिवाळीआधीच्या तारखेला ते आले नाहीत. दिवाळीनंतर आले, म्हणणं मांडायला वेळ मागितला आणि गेले. संक्रांतीच्या सुमाराला पुन्हा नाहीत. दर वेळी पुकारा झाला की शेळके उभे राहायचे आणि त्याच हळू आवाजात म्हणायचे, "साहेब, मूल अजून तिकडेच आहे." एवढंच. मला ते ऐकून ऐकून पाठ झालं होतं. एकदा मी माझं काम झाल्यावरही त्यासाठी थांबले होते.

मग दत्तरावांनीच घोळ केला. कोर्टाच्या व्हरांड्यात, पाच-पन्नास माणसांसमोर, गजानन त्यांना म्हणाला, "मामा, लेकराला आईपासून किती दिवस तोडणार?" म्हाताऱ्याचा तोल गेला. "पाडवा होऊ दे! पाचवं लागू दे पोराला, मंग तुझी बहीण काय करती बघू!" सगळा व्हरांडा वळून बघायला लागला. मी ऑक्टोबरपासून गिळून बसले होते ते त्यांनी स्वतःच बोलून टाकलं. म्हणूनच आज हे लिहायला मला हरकत वाटत नाही.

शेळक्यांनी त्यावर आरडाओरड केली नाही. आतमध्ये पुकारा झाल्यावर मुलाच्या वाढदिवसाची तारीख वाचली, आणि आतापर्यंत समोरून किती वेळा तारीख मागितली गेली ते वाचलं. जजसाहेबांनी दोन्ही गोष्टी शांतपणे लिहून घेतल्या. समोरच्या वकिलांना शेवटची संधी, पुढच्या तारखेला मूल कोर्टात हजर करा, असा आदेश झाला.

त्या तारखेला विराजला मी पहिल्यांदा पाहिलं. नवा शर्ट, केसांना तेल, आजोबांच्या बोटाला घट्ट धरलेलं. अश्विनी समोरच्या बाकावरून उठली. तो तिच्याकडे बघत राहिला आणि हळूच आजोबांच्या धोतरामागे गेला. मी अशी दृश्यं कितीतरी पाहिली आहेत. तरी त्या बाईचा चेहरा मला बघवेना.

जजसाहेबांनी मुलाला आपल्या खोलीत बोलावलं, आधी एकट्याला, मग आईसोबत. बराच वेळ गेला. बाहेर आल्यावर पुकारा झाला. शेळके उभे राहिले. दुसऱ्या बाजूला कुणीच नव्हतं. संतोष सुट्टी मिळाली नाही म्हणून आलेला नव्हता, मोठे वकील वाटेत होते. दत्तराव हात जोडून स्वतःच उभे राहिले. "साहेब, आमचे वकील येऊन राह्यलेत. जरा थांबा."

जजसाहेबांनी फाईल चाळली. "बाबा, कोर्ट दिवाळीपासून थांबलंय," ते म्हणाले.

आदेश झाला. मूल आईकडे. आजोबांनी आणि वडिलांनी दर रविवारी राजूरला जाऊन भेटायचं.

आवारात अश्विनीने विराजला उचललं तसा तो ओरडायला लागला. "आबा! आबा!" गजानन म्हणाला, "उचल आणि बस गाडीत, जल्दी." अश्विनीने त्याला खाली ठेवलं. सासऱ्यांकडे बघून म्हणाली, "मामा, तुम्हीच बसवा त्याला. तुमचं ऐकतो तो."

दत्तराव हलेनात. इतके महिने ज्या माणसाने जालन्याच्या सगळ्या वकिलांना कामाला लावलं होतं, त्याला आता चार पावलं चालवत नव्हती. मग ते वाकले, पोराला कडेवर घेतलं आणि जीपमध्ये बसवलं. त्याने बोट सोडलं नाही. म्हातारा तसाच पाय वर घेऊन शेजारी बसला. गजाननने तोंड उघडलं होतं, अश्विनीने त्याच्या हातावर हात ठेवला. जीप राजूरच्या रस्त्याला लागली. एकाच सीटवर सासरा, सून आणि मध्ये ते पोर.

जेवणाच्या सुट्टीनंतर मोठे वकील कोट सावरत, धापा टाकत आले. मी पायऱ्यांवर उभी होते.

"मॅडम, आमच्या प्रकरणाचा पुकारा झाला का हो?"

"झाला," मी म्हणाले.

"मग? कोण उभं राहिलं आमच्याकडून?"

"आजोबा."

ते चरफडत आत गेले. मुलाच्या केसला कोणता वकील करावा, असं लोक मला अजून विचारतात. मी दत्तरावांचं उदाहरण देते. जिल्ह्यातले सगळे नावाजलेले वकील त्यांनी अडवून ठेवले होते, आणि नातू जायची वेळ आली तेव्हा त्यातला एकही त्यांच्या शेजारी उभा नव्हता.