आबांनी सोडलेला गॅस

भुसावळच्या रेल्वे कॉलनीतून मी लग्न होऊन धुळ्याजवळच्या खेड्यात आले, तेव्हा सासरी गोबरगॅस होता याचाच माझ्या माहेरच्यांना आनंद. पोरीचे डोळे चुलीच्या धुरापासून वाचले! माझे सासरे, आबा, तो गॅस कसा वापरतात हे त्यांना कुठे ठाऊक होतं?

गोठ्यामागच्या टाकीपासून स्वयंपाकघरापर्यंत पाइप होता. त्यात पाणी साचलं की शेगडी फडफडायची. मग आबा पाना घेऊन निघत. टाकीजवळचा, गॅस बंद करायचा कॉक गंजून बसलेला, म्हणून ते सरळ पाइपच सोडवत. पाणी निघायचं तांब्याभर, पण गॅस फुस्स करून सगळाच जायचा. गॅसने वर उचललेली लोखंडी टाकी खाली बसायची, गल्लीभर वास सुटायचा, आणि मी पुन्हा चुलीपुढे. तो गॅस वर हवेत जाऊन काय करतो हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. मला जळण वाया जाताना दिसायचं.

"आबा, आधी स्वयंपाक होऊ द्या. गॅस संपत आला की मग पाइप सोडवा."

"हवाच शे ती, हवामाच जाई," ते म्हणायचे.

नणंदेला बघायला पाहुणे यायचे होते, त्या सकाळीही आबांनी हेच केलं. पुरणाची डाळ अर्धी कच्ची! कपाशीच्या ओल्या पऱ्हाट्या फुंकून फुंकून डोळे चुरचुरले. पाहुणे गेल्यावर मी नवऱ्याला बजावलं, "धुळ्याहून नवा कॉक आणा, नाहीतर उद्यापासून तुम्हीच चूल पेटवा."

कॉक आला. पुढच्या वेळी मी तो बंद केला, पाइपात उरलेला गॅस शेगडीवर जाळून संपवला, शेगडीची चावी बंद केली आणि मगच आबांना पाइप सोडवू दिला. पाणी निघालं. वास जवळजवळ आलाच नाही.

आबा नाक वर करून उभे. "वास उना नही, ते पाणी कसं निंघनं?"

"तुमच्या पायाशी सांडलंय ते काय आहे?"

आणि खात्री करायला, पाइप जोडायच्या आधीच, त्यांनी कॉक उघडला! टाकी पुन्हा खाली.

मी कपाळावर हात मारला. सासूबाई मात्र गोठ्यामागे गेल्या, आबांचा पाना ताब्यात घेतला, कॉकची दांडी काढून आणली आणि पदराला बांधली. त्यानंतर पाइप सोडवायला आबांना पाना आणि दांडी हवी असली, की त्या आधी मला हाक मारून विचारत, "झाला का गं स्वयंपाक?" मी हो म्हणेपर्यंत आबा ओट्यावर कुरकुरत बसत.