तावड्यांचा चौघांचा हप्ता

नोटीस मीच टाइप केली होती. ती हातात धरून गोविंद कांबळे माझ्या टेबलासमोर उभा होता.

“साहेब, हे पन्नास रुपये माझ्या पगारातून कापणार?”

“हो. धोंडू तावड्यांचे दोन हप्ते थकलेत. तुम्ही जामीन आहात.”

“धोंडू थकवणारा माणूस नाय. तुमची वही बघा परत.”

“वही बरोबर आहे.”

त्याने नोटिशीची घडी घातली. मग म्हणाला, “माझ्या बायकोचे दिवस भरलेत. बाळंतपण ह्याच पगारावर धरलंय. पण तुम्ही धोंडूला सांगू नका, मी आलो होतो म्हणून. त्याला वाटेल, मी तगाद्याला उभा राहिलो.”

मी तेव्हा लालबागच्या एका गिरणीतल्या कामगारांच्या पतपेढीत क्लार्क होतो. पतपेढी म्हणजे कामगारांनी आपल्याच वर्गणीतून उभी केलेली छोटी बँक. सावकारापेक्षा व्याज कितीतरी कमी, पण नियम कडक. कर्ज घ्यायचं तर दुसऱ्या एका सभासदाने जामीन राहायचं. दोन हप्ते चुकले की जामीनदाराला नोटीस, आणि पुढच्या पगारातून सगळी थकबाकी त्याच्याकडून वसूल. आता पगाराला दहा दिवस उरले होते. पगाराच्या आदल्या संध्याकाळपर्यंत तावड्यांनी पन्नास रुपये भरले, तरच कांबळेचा पगार वाचणार होता.

धोंडू तावडे साचेखात्यात होता. म्हणजे माग चालवायचा. वडिलांच्या आजारपणात सावकाराचं कर्ज झालं, ते व्याजाने फुगलं. ते मिटवायला त्याने आमच्याकडून पाचशे रुपये घेतले. जामिनाच्या कागदावर सही करायला त्याच्या गावचे दोघे तयार झाले होते, पण ऐन वेळी दोघांनाही कामं निघाली. कांबळे रिंगखात्यात, सूतकताईकडे. तो बौद्ध, धोंडू मालवणकडचा मराठा. दोघांची ओळख गिरणीच्या गेटावरची. कांबळे आपण होऊन आला आणि सही करून गेला. धोंडूची बायको पार्वती खाणावळ चालवायची. घरापासून दूर राहणारे दहा-बारा गिरणीवाले तिच्याकडे महिनेवारीने जेवायचे. त्या दिवसानंतर कांबळेची बायको गावी गेली, की त्याचं पान पार्वतीच्या पंगतीत मांडलं जाऊ लागलं. यावरून दोन जेवणारे उठून गेले. पार्वतीने त्यांना परत बोलावलं नाही. महिन्याच्या दोन गिऱ्हाइकांचे पैसे बुडाले, हे तिला चांगलं कळत होतं. मला ही बाई तेव्हापासूनच आवडायची.

ह्या घराची हप्ता भरायची पद्धतही न्यारी होती. बाकीचे कर्जदार एकटे यायचे, पैसे टाकायचे, पावती घेऊन सुटायचे. तावडे चौघं यायचे. धोंडू, पार्वती, चौदा वर्षांची कुसुम आणि धोंडूची म्हातारी आई. महिन्याचे पंचवीस. त्यात धोंडूचे पगारातले चौदा, पार्वतीचे खाणावळीतले सहा, कुसुमचे शिंप्याकडच्या काजाबटणांचे तीन, म्हातारीचे गोधड्या शिवून मिळवलेले दोन. प्रत्येकाने आपापले पैसे आपल्या हाताने खिडकीत ठेवायचे. मग मी बाकी सांगायची. म्हातारीला कमी ऐकू यायचं, त्यामुळे ती ओरडून सांगावी लागे. सगळी रांग ऐके. एखाद्या महिन्यात कुसुमने तिनाचे साडेतीन केले, तर ती मान ताठ करून माझ्याकडे बघायची. मीही “वा!” म्हणायचो.

पण रांग खोळंबायची. मागून कुणीतरी ओरडायचा, “अरे तावड्यांची वरात हलवा रे पुढे!” आमचे सेक्रेटरी अप्पासाहेबही एकदा करवादले. मी तरुण होतो, गिरगावातून शिकून आलेला, आणि स्वतःला हुशार समजणारा. मी धोंडूला गाठलं.

“पगारातूनच कपात लावून टाकू. सही करा, तुमचा हेलपाटा वाचेल.”

“बरा होईल ओ,” तो म्हणाला. त्याने सही केली. रांग पळायला लागली. अप्पासाहेबांनी मला शाबासकी दिली आणि मी ती घेतली.

पुढचं मी तपासलंच नव्हतं. कांबळे गेल्यावर टाइम ऑफिसात जाऊन पगारपत्रकं काढली, तेव्हा घोटाळा उलगडला. ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. कधी हरताळ, कधी संचारबंदी, भोंगा वाजायचाच नाही असे दिवस. जितके खाडे तितका पगार कमी. टाइम ऑफिसचा शिरस्ता असा, की आधी प्रॉव्हिडंट फंड आणि गिरणीची उचल कापायची, पतपेढीचा हप्ता सगळ्यांत शेवटी. पैसे पुरले नाहीत तर तो सोडून द्यायचा. धोंडूचा हप्ता असा दोनदा सुटला होता. ते कुणी घरी कळवलं नाही. कळवायचं काम माझं होतं.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, मी तावड्यांच्या चाळीत गेलो. कांबळेने सांगू नका म्हटलं होतं, पण नोटिशीबद्दल सांगणं मला भागच होतं. तो येऊन गेला, एवढं मात्र मी गाळलं. धोंडू म्हणाला, “कापतत असाच समजलंय मी. पगार कमी इलो, तो खाड्यांमुळे म्हटलंय.”

पार्वती तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं.

“पगारातून कापूचा कोणी ठरवल्यान?”

“मी.”

“माका इचारलात?”

“धोंडूंनी सही केली ना.”

“तेंनी केली. पण हप्तो काय तेंच्या एकट्याचो होतो? आमचो चवघांचो होतो.”

तीच बोलत राहिली. कपात सुरू झाल्यावर कुसुमने काजाबटणं सोडली होती. आपोआप कापतात, मग कशाला डोळे फोडायचे? म्हातारीने सुईदोरा गुंडाळून ठेवला. आणि हरताळात ज्या जेवणाऱ्यांकडे पैसे नव्हते, त्यांना पार्वतीने उधारीवर जेवू घातलं. हप्त्यासाठी बाजूला ठेवायचे सहा रुपये त्यांच्या डाळ-तांदळात गेले. तिला वाटत होतं, हप्ता तर पगारातून जातोच आहे.

“खिडकीर पैसे ठेवताना कर्ज कमी होताना दिसत होता,” ती म्हणाली. “तुमी कापूक लागलात, आणि ता आमच्या डोळ्यांआड झाला.”

मला फार लाज वाटली. खिशात पंधरा रुपये होते, ते मी पुढे केले. माझीच चूक आहे, म्हटलं. ती हसली, पण पैशांना हात लावला नाही. “भाऊंनू, ते ठेवा. कांबळे आमच्या भरवशार उभे रवले. तुमच्या न्हय.”

पुढचे आठ दिवस त्या घराने काय केलं, ते मी रोज जाता-येता पाहिलं. धोंडू पहिली पाळी सुटली की तसाच रे रोडच्या लाकडाच्या वखारीत जायचा आणि अंधार पडेपर्यंत ओंडके उचलायचा. माग चालवणाऱ्या माणसाचे खांदे त्या कामाचे नव्हेत. दुसऱ्याच दिवशी सोलून निघाले. कुसुमने शिंप्याकडून दुप्पट काम आणलं. म्हातारी दिवसभर दारात उजेडाला बसून गोधडी शिवायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विकत घ्यायचा आग्रह करायची. पार्वतीने पंगतीत उभं राहून सांगितलं, की आठ दिवस मासळी नाही, भात आणि कुळथाची पिठी मिळेल, कारण हप्ता थकलाय. जेवणाऱ्यांपैकी एकानेही कुरकुर केली नाही. उलट तिघांनी उसनवारी करून जुनी उधारी आणून दिली. बायको इथेच असल्याने कांबळे तेव्हा पंगतीला नव्हता, आणि ह्यातलं त्याला काहीही सांगायचं नाही, असं घरात आणि पंगतीत ठरलं होतं. तिकडे कांबळे त्यांच्यापासून नोटीस लपवत होता. मधे मी एकटाच दोन्हीकडचं गुपित सांभाळत फिरत होतो.

मी एक काम केलं. अप्पासाहेबांकडे गेलो.

“तावड्यांची कपात रद्द करायची आहे. हप्ता पुन्हा खिडकीवर घेऊ.”

“रांग होईल.”

“होऊ दे.”

“आणि कारण काय लिहू?”

“क्लार्कने कर्जदाराला कळवलं नाही, असं लिहा.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “तूच लिही, आणि खाली सही कर.” मी केली. त्या वर्षी माझी पगारवाढ लांबली. ते वाजवीच होतं.

पगाराच्या आदल्या संध्याकाळी चौघं खिडकीवर आले. धोंडूने वीस ठेवले. पार्वतीने अठरा, कुसुमने सात. म्हातारीने पदराची गाठ सोडायला इतका वेळ घेतला, की माझाच जीव वर-खाली झाला. तिचे पाच. पन्नास पुरे झाले. मी नोटिशीवर ‘रद्द’ लिहिलं. चौघांच्या पाया पडावंसं वाटलं. पण मागे रांग होती, म्हणून नुसती पावती दिली.

दुसऱ्या दिवशी कांबळेला पूर्ण पगार मिळाला. त्याच आठवड्यात त्याला मुलगी झाली. तावड्यांचं उरलेलं कर्ज त्यांनी एकही हप्ता न चुकवता फेडलं. हरताळ त्यानंतरही झाले.

पुढे कांबळेने कर्जाचा अर्ज केला. जामीन म्हणून धोंडू आला, त्याच्याबरोबर पार्वती. धोंडूने सही केली, आणि तिने पेन मागितलं.

“वहिनी, जामीन सभासदच राहू शकतो. फॉर्मवर एकाच सहीची जागा आहे.”

“मगे जागा करा.”

मी पट्टी घेऊन धोंडूच्या सहीखाली आणखी एक रेघ मारली. तिने कुसुमकडून शिकलेली अक्षरं एकेक करून लिहिली. कायद्याने त्या सहीला काडीची किंमत नव्हती. अप्पासाहेबांनी कागद पाहिला, ‘हे काय?’ म्हणून विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता कर्ज मंजूर केलं.

त्यानंतर मी बरीच वर्षं पतपेढीत होतो, शेवटी सेक्रेटरीही झालो. कपातीने पैसे वेळेवर येतात, रांग लागत नाही, हिशेब सोपा होतो. हे सगळं खरं आहे. तरी कुणी कपातीचा अर्ज घेऊन आला, की मी आधी विचारायचो, “घरात विचारलंत का?” निम्मे लोक अर्ज परत घेऊन जायचे.