लघवी फक्त माझीच

"दार उघडं ठेव," साहेब म्हणाले. प्लास्टिकची डबी हातात कोंबली आणि मला नोकरांच्या संडासात पाठवलं. लघवी भरून आण म्हणं. मी बेचाळीस वर्षांचा बाप्या, बायकापोरांचा. मागं साहेब उभे, त्यांच्यामागं मॅडम नाकाला रुमाल लावून.

तुंगार्लीतला बंगला, रविवारची सकाळ. आदल्या दिवशी त्यांच्या पोराचे मित्र आले होते. वरचं बाथरूम धुताना मला नशेच्या पावडरची पुडी सापडली. मीच ती साहेबांना नेऊन दिली. लय इमानदार ना मी! संशय माझ्यावरच. कारण कामाला लागताना खरं सांगितलं होतं, की मी गोळ्या खायचो, आता सोडल्यात. तीन वर्षं झालीत.

हौसेनं खाल्ल्या व्हय? उर्से गावाच्या बाजूला एका कंपनीत सात वर्षं ठेक्यावर होतो. रोज गेटवर उभं राहायचं, सुपरवायझर बोट दाखवील तो आत. झोप उडाली. छातीत कायम धडधड. एकानं गोळी दिली, त्या दिवशी मेल्यासारखा झोपलो. मग गोळीबिगर जमंना. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी समजावलं, की वर्षानुवर्षं धास्तीत राहिलं की मेंदू बदलतो. आवर घालणारा भाग ढिला पडतो, नशेची ओढ वाढते. सुटल्यावरही ती ओढ दबून बसते. "ताणाच्या दिवशी जपा," त्या म्हणाल्या. मला अहो-जाहो करून बोलल्या.

आणि त्या संडासात तेच झालं. तोंडाला पाणी सुटलं. जिभंवर गोळीची कडू चव. हात थरथरायला लागले. मॅडम साहेबांना म्हणाल्या, बघा, कसा थरथरतोय.

पोरगं पायरीवर मोबाईल बघत बसलेलं, डोळे लालभडक. मी बाहेर आलो आणि विचारलं, दादांची बी घेणार का?

"त्याचं वेगळं आहे," मॅडम म्हणाल्या. "त्याला खूप स्ट्रेस आहे."

वा रे वा. त्याला स्ट्रेस आणि मला माज! असंल बी पोराला त्रास, मी न्हाई म्हणत न्हाई. त्याचा मेंदू माझ्यासारखाच. पण ह्या दोघांना ते कळंल तर ना. शिकलेली माणसं म्हणं. थू.

रिकामी डबी मी साहेबांच्या पुढ्यात ठेवली. "आधी पोराची, मग तुमची. मग माझी."

"चालता हो."

झालो. चालत वलवणपर्यंत गेलो. वाटेत औषधाचं दुकान लागलं, बिनचिठ्ठीची गोळी देणारं. तितं पाय थांबले. लय वेळ हलंनात. मग डोक्यात लख्ख झालं. सात वर्षं मी सुपरवायझरची प्रत्येक शिवी गिळली आणि तिच्यावर गोळी गिळली. आज शिवी गिळली न्हाई. मग गोळी कशाला?

ओढ गेली न्हाई. आज बी हाय, उद्या बी असंल. पण आता दुसरं काम बघीन आणि तितंबी पहिल्याच दिवशी सांगीन, मी गोळ्या खायचो. ज्याला किळस येईल त्यानं ठेवू नये. मी मान खाली घालणार न्हाई.